वर गेलेला हात

कंडक्टरने दार उघडून मान बाहेर काढली, अंदाज घेतला आणि मोर्चा मोठा आहे, आता बराच वेळ हलायचं नाव नको, ज्यांना उतरायचं त्यांनी उतरून घ्या, असं सांगून टाकलं. काही लोक कुरकुरत उतरले. ती उतरली नाही. शनिवारची अर्ध्या दिवसाची ड्यूटी संपवून ती घरी निघाली होती आणि घाई अशी काही नव्हतीच. नवरा शनिवारी दुपारी खांद्याच्या व्यायामाला जातो, म्हणजे घरी जाऊन कुलूपच उघडायचं. तिने पर्स मांडीवर घेतली, खिडकीच्या काचेला डोकं टेकलं आणि समोरून जाणारी माणसं बघत राहिली. काच बंद होती. आवाज येत होता, पण नुसता घोंगावल्यासारखा; शब्द लागत नव्हते. झेंडे, फलक, एका टेम्पोवर बांधलेले कर्णे. देश, पैसा, बाहेरचे, आपले. फलकांवर तेच ते शब्द उलटेसुलटे करून लिहिलेले. आणि मग टेम्पोच्या मागे, छापील बनियन घातलेल्या दोन तरुणांच्या मधोमध, तिला तिचा नवरा दिसला. आधी शर्ट ओळखू आला. आकाशी, कॉलर थोडी उसवलेली. सकाळी तिनेच तो त्याच्या अंगात घातला होता. आधी उजवा हात, कारण तो वर जात नाही. कोपराखाली आधार देऊन, लहान मुलाला घालावा तसा बाहीतून अलगद ओढून घेतला होता, आणि तरी त्याच्या कपाळावर घाम आला होता. तोच हात आता वर होता. कानाला लागून, सरळ, मूठ आवळलेली. खाली येत होता आणि पुन्हा वर जात होता, जसा काही त्याला कधी काही झालंच नव्हतं.

तिला पहिल्यांदा राग आला नाही, भीतीही वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, अगं बाई, दुखेल त्याला. आणि ती चक्क उठायला निघाली होती, त्याला धरायला. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. चेहरे बघायची तिला सवय होती. सरकारी इस्पितळात कान तपासायच्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आत काचेच्या पेटीत पेशंट, बाहेर ती. ऐकू आलं की बटण दाबा, एवढंच सांगायचं आणि मग काचेतून बघत राहायचं. काही माणसं ऐकू न येताही बटण दाबतात, लाजेपोटी. काहींना ऐकू येतं पण खात्री नसते. बटणाच्या आधी चेहऱ्यावर कळतं. आवाज पोचला की भुवयांच्या मध्ये काहीतरी सुटतं, गाठ सैल व्हावी तसं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर ते सुटलेलं होतं. तो चिडलेला नव्हता. आनंदात होता. वर्गात एखाद्या मुलाला कधी नव्हे ते उत्तर येत असावं आणि त्याने बाकावरून अर्धवट उठून हात वर करावा, तसा. आणि आपल्याला तो बघेल म्हणून ती एकदम खाली वाकली. पर्समध्ये काही शोधल्यासारखं केलं. शेजारच्या बाईने काही पडलं का म्हणून विचारलं. नाही, ती म्हणाली, काही नाही पडलं. बस सुटली तेव्हासुद्धा ती वाकलेलीच होती. लपायचं त्याने, मी का लपले, हा प्रश्न तिला पुढच्या थांब्यावर पडला, आणि तोवर चौक मागे गेला होता.

ती आपल्या थांब्यावर उतरली नाही. पुढे गेली आणि मग उलट चालत आली. पाय चालत होते आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता, तो काही केल्या जुळत नव्हता. गेल्या हिवाळ्यात खांदा धरला तेव्हापासून त्याचे केस ती विंचरते. पाठ ती चोळते. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर तो स्टुलावर चढतो, हात वर करत नाही. हे सोंग म्हणावं तर रात्री कुशीवर वळताना झोपेत निघणारा तो बारीक आवाज तिने ऐकलेला आहे. झोपेत कोण सोंग करतं. म्हणजे दुखणं खरं. मग मघाचा हातही खरा. डॉक्टर म्हणाले होते की सांध्यात तसा बिघाड नाही, शरीरच घाबरून बसलंय, ते विसरलं की हात सुटेल. तिने त्याला विसरायला लावायचे किती प्रयत्न केले. गरम पिशव्या, तेल, जुनी गाणी, मुलीच्या लहानपणच्या गोष्टी. बायकोच्या हाताने जे झालं नाही ते त्या कर्ण्यांनी करून दाखवलं होतं. हे मनात आल्यावर तिला काहीतरी विचित्रच वाटलं, सवतीची चाहूल लागावी तसं, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. रस्त्यात एकटीने हसणारी बाई म्हणून समोरच्या माणसाने थोडी वाट वाकडी केली.

तो असा नव्हता. असं म्हणणं सोपं होतं आणि गेल्या दोन महिन्यांत ती ते मुलीला फोनवर पुष्कळदा म्हणाली होती. अगं, तुझे बाबा असे नव्हते. त्यावर मुलगी गप्प राहायची किंवा म्हणायची, आई, आता आहेत ना. तो शहराच्या पाणीपुरवठ्यात होता. पंपावर. लग्न नवीन होतं तेव्हा गोदीत मोठा संप झाला होता आणि संपवाले वठणीवर यावेत म्हणून गोदीकडच्या वस्तीचं पाणी बंद करा, असा वरून तोंडी हुकूम आला होता. गोदीकडचे म्हणजे काळे, कुरळ्या केसांचे लोक. त्यांच्या आज्या-आजोबांना कधीकाळी जहाजातून मजुरीला आणलं होतं आणि काम संपल्यावर परत न्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्याने व्हॉल्व्ह बंद केला नाही. चावी सापडत नाही म्हणून सांगितलं आणि चावी खिशात घालून घरी आला. जेवताना ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली, लोखंडाची, वीतभर लांब, आणि म्हणाला की तहान काय माणूस बघून लागते का. तिला तेव्हा तो इतका देखणा वाटला होता की जेवण राहिलं बाजूलाच. त्या चावीवर तिने पुढची सगळी वर्षं काढली, असं म्हटलं तरी चालेल. त्याची बढती हुकली, तेव्हा तिने कुरकुर केली नाही. मध्यंतरी तिने त्याला त्या चावीची आठवण करून दिली, तर तो म्हणाला, तेव्हा गोष्ट वेगळी होती, तेव्हा ते मागत नव्हते. काय मागत नव्हते, तिने विचारलं. तो म्हणाला, बरोबरी. आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

कधी झालं हे? एका दिवसात झालं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं. तो निवृत्त झाला आणि पंपांचा आवाज कानातून गेला, तेव्हा घरातली शांतता त्याला सोसेना. आधी टीव्ही मोठा झाला. मग कोपऱ्यावरच्या वाचनालयात नवे मित्र झाले, मग फोनवर दिवसभर टुणटुण सुरू झालं. शर्टाच्या खिशावर झेंड्याचं छोटं चिन्ह आलं. एकदा टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं आणि तो ताडकन उभा राहिला. तिलाही स्वयंपाकघरातून हाक मारली, ती पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहिली. दोघंच जण, बैठकीच्या खोलीत, सावधान. गॅसवर काहीतरी करपत होतं. तिला हसू दाबता येईना आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. माणूस लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तिने आपल्याच विभागातून यंत्र मिळवून द्यायचं ठरवलं, तर सरकारच्या पैशातलं फुकटचं मला नको म्हणून त्याने साफ नाकारलं. ज्याला त्याला फुकट पाहिजे म्हणूनच देशाची ही दशा झालीय, असं त्याचं म्हणणं. आणि सरकारने खर्च कमी करायचा म्हणून कान तपासायचा विभागच बंद करायचं ठरवलं, तिची नोकरी वर्षभरात जाणार हे कळलं, तेव्हाही तो डगमगला नाही. घरात काटकसर करतो तशी देशात करायला नको का, म्हणाला. त्याने स्वतःला सूट दिली नाही, बायकोला दिली नाही. मग जावयाला का देईल.

दोन महिन्यांपूर्वीचा तो रविवार तिला नको असताना सबंध आठवत होता. मुलगी, जावई, नात जेवायला आली होती. जावई गोदीकडच्या वस्तीतला, तिथल्याच शाळेत गणित शिकवतो. शांत मुलगा. पहिल्या भेटीत तिने त्याला रीतीप्रमाणे अहोजाहो केलं, तेव्हा त्याने, आई, मला तू म्हणा, अहो म्हटलं की मला माझ्याच मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, असं म्हणून तिला हसवलं होतं. जेवताना टीव्हीवर बातमी होती. बंदराच्या तोंडाशी सरकार विजयस्तंभ उभारणार होतं, देशातला सर्वांत उंच. आकडा सांगितला तेव्हा जावई सहज बोलून गेला की एवढ्यात आईंचा विभाग पंचवीस वर्षं चालला असता. नवरा म्हणाला, देश म्हणजे काय दवाखाना आहे का. इथपर्यंत सगळे हसण्यावारी नेत होते. मग जावई म्हणाला की दवाखाना नसला तरी देश दुकानही नाही, एकाच्या नावाची पाटी लावून बाकीच्यांना बाहेर उभं करायला. आवाज चढले. कर कोण भरतं, फायदा कोण घेतं, कुणाच्या शाळेला अनुदान, कुणाच्या वस्तीत पोलीस. ती भात वाढत होती. अजून घ्या, हे घ्या, असं मध्ये मध्ये बोलत होती, जशी काही वाढून वाढून ती दोघांची तोंडं बंद करू शकणार होती. शेवटी जावयाने अगदी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, ज्या बंदरावर तो स्तंभ उभा राहणार आहे ना, ते माझ्या आजोबांनी बांधलंय."

"मजुरी घेतली ना त्याची?" नवरा म्हणाला. "मग झालं तर."

नातीने तोंडात घेतलेला घास बाहेर काढून ताटात ठेवला आणि मुलीने तिला तशीच, खरकट्या हातांनी, कडेवर घेतलं. चपला घालताना मुलगी बापाकडे नाही, तिच्याकडे बघत होती. आई काहीतरी बोलेल म्हणून थांबली होती. तिच्या हातात वाढायचा चमचा होता. तिने म्हटलं, पोरीचा स्वेटर राहिलाय. तेवढंच. स्वेटर दिला, आणि दार लागलं. बोलण्यासारखं किती होतं, ते नंतर दोन महिने तिला भांडी घासताना, बसमध्ये, काचेच्या पेटीसमोर बसल्या बसल्या सुचत राहिलं. एकेक वाक्य अगदी नेमकं, लखलखीत. तेव्हा मात्र स्वेटर. आणि आपण का गप्प बसलो याच्या मुळाशी गेलं की तिला तिथे दुसरंच काहीतरी सापडायचं आणि ती घाईने वर यायची. नात जन्मली तेव्हा प्रसूतिगृहात ती पहिली आत गेली होती. बाळ गोरंगुलाबी होतं, जन्मतः सगळी असतात तसं. तिने दुपट्याची कड बाजूला केली आणि बाळाचे कान पाहिले, कडेला, पाळीपाशी, जिथे पुढे येणारा रंग आधी दिसतो. मुलगी खाटेवरून बघत होती. आई, काय बघतेस, तिने विचारलं. कान बघते, माझं कामच आहे ते, असं म्हणून ती हसली होती. मुलगीही हसली. पण मुलीला कळलं असेल का, हे तिला आजतागायत ठाऊक नाही. नवऱ्याने निदान तोंडाने बोलून दाखवलं. मग वाटायचं, नाही, मी त्याच्यासारखी नाही. आणि मग, नक्की कशात नाही?

घरी येऊन तिने कुलूप उघडलं, कपडे बदलले, चहाचं आधण ठेवून गॅस बंद केला, पुन्हा लावला. ऊन उतरलं तेव्हा तो आला. चालण्याने तोंड लाल झालं होतं. आवाज बसला होता. चहा कर गं, म्हणाला, घसा धरलाय हवेने. ती चहा घेऊन आली आणि तिने विचारलं की व्यायाम कसा झाला. चांगला झाला, तो म्हणाला, नवा मुलगा आलाय तिथे, हाताला गुण आहे त्याच्या. तो कधीच नीट खोटं बोलू शकला नव्हता. खोटं बोलताना बारीकसारीक तपशील घालायचा. तिला त्याची दया आली. आणि त्या दयेमुळेच असेल, ती म्हणाली, "मी पाहिलं तुम्हाला. चौकात. बस अडकली होती आमची."

त्याने कप खाली ठेवला. ती वाट बघत होती की आता तो चिडेल, किंवा मान खाली घालेल, किंवा तुला काय कळतंय म्हणून सुरू करेल. या तिन्हींसाठी तिच्याकडे दोन महिन्यांची वाक्यं तयार होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काचेतून दिसलेला तोच आनंद आला, थोडा लाजलेला.

"हात पाहिलास का?" तो म्हणाला. "किती वर गेला होता. मला कळलंच नाही गं कधी गेला ते. दुखलंसुद्धा नाही."

थांब, दाखवतो, असं म्हणून तो खुर्चीतून उठला आणि त्याने हात उचलला. छातीपर्यंत आला. खांद्यापर्यंत आला. तिथे अडला, त्याचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले गेले, आणि ती कधी उठली आणि कधी तिने त्याच्या कोपराखाली हात धरला, ते तिचं तिला समजलं नाही. हात तिने सावकाश खाली घेतला. तो धापा टाकत होता. तिथे गेला होता, तो पुनःपुन्हा म्हणत होता, तुझ्यासमोर गेला होता ना. हो, ती म्हणाली, गेला होता. त्याचा खांदा चोळता चोळता तिने विचारलं की काय ओरडत होता तुम्ही. सगळे ओरडत होते तेच, तो म्हणाला. म्हणजे काय? तुला माहीत आहे. नाही माहीत, काच बंद होती, मला काही ऐकू आलं नाही. सांगा ना काय ते. तिचा आवाज साधा होता. खरंच जाणून घ्यायचंय असा. त्याने खांदा तिच्या हातातून सोडवून घेतला.

"ते घरात काय बोलायचं," तो म्हणाला.

खोलीत अंधारून आलं तरी दिवा कुणी लावला नाही. तिला वाटलं, आता आपण काहीतरी बोललो तर ते कायमचं होईल. आणि न बोललो तरी कायमचंच होईल. शेवटी ती एवढंच म्हणाली की उद्या मी पोरीकडे जाणार आहे. सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तर तो इस्त्रीचा शर्ट हातात घेऊन उभा होता. मी पण येतो, म्हणाला, घाल एवढा. तिने शर्ट घातला. झेंड्याचं चिन्ह त्याने कालच्या शर्टावरून काढून या शर्टाला लावलं, आरशात बघितलं, काढलं आणि पँटच्या खिशात टाकलं. तिने ते पाहिलं आणि तिच्या मनात जे काही उमललं त्याला ती आशा म्हणायला धजली नाही. बसमध्ये तो खिडकीशी बसला. मधेच म्हणाला, पोरीसाठी काही घ्यायला पाहिजे होतं. वाटेत उतरून त्याने नातीसाठी एक चेंडू घेतला, मोठा, लाल, आणि तो मांडीवर धरून राहिलेला सगळा प्रवास केला. कंडक्टर हसला. तोही हसला. त्या घटकेला तो कुठल्याही नातीचा आजोबा होता.

मुलीच्या इमारतीच्या गल्लीत वळल्यावर आधी ती थांबली, मग तो. इमारतीच्या कुंपणाची भिंत लांबच लांब होती आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आलात तसे परत जा. तांबडा रंग. घाईत मारलेला, अक्षरांचे ओघळ खालपर्यंत आलेले. भिंतीशी जावई उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बनियन भिजलेलं, हातात घासायचा ब्रश आणि पायाशी बादली. तो पहिलं अक्षर घासत होता. बरंच घासलं असावं. भिंतीचं प्लॅस्टर निघालं होतं, रंग तसाच होता. नवरा अक्षरांकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, एकेक शब्द वाचल्यासारखे. हे आम्ही नाही केलं, तो तिला खालच्या आवाजात म्हणाला, आमचा मार्ग इकडून नव्हताच. तिने फक्त 'आम्ही' हा शब्द ऐकला. तो शब्द तो आजवर तिला आणि स्वतःला मिळून वापरत आला होता.

जावयाने वळून पाहिलं. त्याच्या तोंडावर पाण्याचे, रंगाचे बारीक शिंतोडे होते. त्याने ब्रश डाव्या हातात घेतला, उजवा पँटला पुसला, आणि पुसून झाल्यावर त्या हाताचं काय करावं हे त्याला कळेना. या आई, तो म्हणाला. मग थोडं थांबून, बाबा. वरच्या खिडकीत मुलगी उभी होती, कडेवर नात. तिने हाक मारली नाही. नवऱ्याने वर बघितलंच नाही. तो चेंडू काखेत धरून पुढे झाला, भिंतीजवळ गेला, ओघळलेल्या रंगावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. पंपावर गळकी नळी तपासताना त्याचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

"ऑइल पेंट आहे," तो म्हणाला. "पाण्याने जायचा नाही. टर्पेंटाइन लागेल." आणि मग, कुणाकडेच न बघता, "मी आणतो. कोपऱ्यावर आहे दुकान."

चेंडू त्याने बादलीशेजारी ठेवला आणि तो निघाला. त्याची पाठ गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दोघं बघत राहिली. जावयाने ब्रश बादलीत टाकला आणि तो पायरीवर बसला. थांबायचं ठरवल्यासारखा. ती वर गेली. मुलीने दार उघडलं, तिला मिठी वगैरे मारली नाही, पण पाण्याचा पेला भरून हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली. नात तिला थोडी विसरली होती, मग तिने ओळखलं. बाबा कुठे गेले, मुलीने विचारलं. रंग काढायचं औषध आणायला, ती म्हणाली, आणि हे वाक्य बोलताना तिचा आवाज तिला न जुमानता वर गेला, एखादी मोठी बातमी द्यावी तसा. मुलीने तिच्याकडे पाहिलं. मग चहाचं पातेलं घेतलं आणि काही न विचारता त्यात पाण्याचा एक पेला जास्तीचा घातला.

चहा झाला. तिघांचा प्यायलाही गेला. चौथा कप बशीने झाकून ठेवला. जावई एकदा वर येऊन विचारून गेला की ते दुसरीकडे कुठे गेले असतील का, रविवार आहे, जवळचं बंद असेल. असेल, ती म्हणाली, मिळाल्याशिवाय यायचे नाहीत ते, स्वभाव आहे त्यांचा. तो पुन्हा खाली गेला. मग खालून ब्रशचा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र. तिला वाटलं, हा आवाज कितीही दारं लावली तरी येत राहील. मुलगी नातीला भरवत होती. कुणी खिडकीकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळ्याच बघत होत्या. जेवणं झाली. नात झोपली. चौथ्या कपावरची बशी मुलीने उचलली, चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला. तेव्हा कुठे आईने फोन हातात घेतला. नवऱ्याच्या मोबाइलवर नाही, आपल्या घरच्या फोनवर लावला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बराच वेळ वाजला. आणि उचलला गेला.

हॅलो, तो म्हणाला. आवाज कालच्यासारखाच बसलेला.

तिने विचारलं की दुकान बंद होतं का. त्याला ऐकू आलं नाही बहुतेक. तिने पुन्हा विचारलं. पलीकडे टीव्ही चालू नव्हता. वर्तमानपत्राचाही आवाज नव्हता. हो म्हणावं, बंद होतं म्हणावं, सगळीकडे हिंडलो आणि थकून घरी आलो म्हणावं, वाटलं तर त्यात बारीकसारीक तपशील घालावा. तिने मनातल्या मनात त्याला एकेक शब्द पुढे करून दिला.

"उघडं होतं," तो म्हणाला. "घेतली मी बाटली. इथे आहे, टेबलावर."

खाली जावई तिसऱ्या अक्षराशी पोचला होता. मागची दोन पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मुलगी दारात उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती, दोन महिन्यांपूर्वी चपला घालताना बघत होती तशीच.

"मग घेऊन या," ती म्हणाली. "आम्ही थांबलोय."

त्याचा श्वास ऐकू येत होता. तो विचार करत होता की नुसता बसला होता, हे कळायला समोर त्याचा चेहरा नव्हता. मग त्याने विचारलं, "काही गेला का रंग?"

"नाही," ती म्हणाली.

तो बरं म्हणाला. पण फोन त्याने ठेवला नाही, तिनेही ठेवला नाही.